दुसऱ्यांदा तोडलेला डहाळा

माझ्या भावाच्या, सदूच्या, धाकट्या मुलीचं म्हणजे आरोहीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस, महिना वैशाख. मला अक्षरं आरोहीनंच शिकवली. ती चौथीत होती आणि मी पन्नाशी ओलांडलेली. तिच्या पाटीवर ती मला गिरवायला लावायची आणि चुकलं की माझ्याच हातावर पट्टी मारून हसायची. तिच्या लग्नात धवलारीण म्हणून मीच उभी राहणार, हे तेव्हापासून ठरलेलं होतं.

धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी बाई. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांखालच्या आमच्या वाडीत भटजी अक्षता टाकायला येतो, पण मांडव, हळद, देवक हे सगळं धवलारणीच्या तोंडून होतं. हळदीच्या दिवशी सकाळी घरचा जावई ओढ्याकाठच्या उंबरावर चढतो आणि कोयत्याच्या एका घावात मांडवासाठी डहाळा तोडतो. खाली एक जण शेला पसरून उभा असतो, कारण डहाळा जमिनीला लागू द्यायचा नाही. मग धवलारीण गाणं म्हणून जावयाला खाली उतरवते. गाणं संपेपर्यंत तो उतरत नाही. वर गेलेला माणूस उंबराचा होतो, गाण्यानं त्याला परत घरचा करायचा, असं माझी सासू सांगायची. मी त्याचा फार विचार केला नव्हता. रीत होती, करत आले.

त्या दिवशी उंबरावर चढला पोपट, आरोहीच्या थोरल्या बहिणीचा, छायाचा नवरा. अंगानं जड, तोंडानं मोकळा. पिवळा सदरा घातला होता. खाली शेला धरून माझा मुलगा संतोष. दोघांचं शिमग्यात वाजलं होतं. खडीच्या फेरीवरून बोलाचाली झाली आणि पोपटानं संतोषच्या टेंपोची काच फोडली होती. सदूनं दोघांना समोर बसवून मिटवलं, पण वाडीला ते माहीत होतं.

"संत्या, नीट धर हां," पोपट वरून ओरडला. "तुला टेंपो धरता येत नाय, डहाळा काय धरशील!"

"तुमी तोडा तर, भावजी. फांदी मोडंल पहिली तुमच्या वजनानं."

सगळे हसले. पोपटानं कोयता उचलला. टक्. एका घावात डहाळा शेल्यात पडला. मी सुरू केलं:

उतर उतर जावईराजा, उंबर झाला रिता
हळदीच्या पायांनी ये रं, खाली शेला धरिला

दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत स्वप्नील हात हलवत पुढं आला. हा भिसेगावचा फोटोवाला. लग्नाचं शूटिंग त्याच्याकडं होतं.

"थांबा, थांबा, मावशी! ड्रोन वर जायच्या आतच तोडलंत. परत एकदा घेऊ."

"ह्यात परत नसतं रं बाबा," मी म्हटलं.

"एकच मिनिट. आयुष्यभराची आठवण हाय."

"घे गं आक्का," सदू म्हणाला. "पोरीची हौस हाय."

पोपटानं वरूनच उडी मारली. गाण्याविना. पाणी प्यायला, मिशी पुसली आणि पुन्हा वर चढला. तोडलेला डहाळा कुणीतरी शेल्यातून काढून बाजूला गवतात टाकला. दुसऱ्यांदा टक् झालं, दुसरा डहाळा शेल्यात आला, मी गाणं पुरं म्हटलं आणि पोपट रीतीप्रमाणं उतरला. छायानं त्याला ओवाळलं. कोयता फांदीतच रुतलेला राहिला होता. नंतर काढू म्हणाले.

"आता सगळे गोल उभे राहा," स्वप्नील ओरडला. "वर ड्रोनकडं बघा! कुणी खाली बघायचं नाय!"

सगळी वाडी माना वर करून उभी राहिली. डोळ्यांत ऊन, डोक्यावर ती भुंग्यासारखी गुणगुण. मग पुन्हा टक्. मला वाटलं, अजून एक डहाळा तोडला की काय.

छाया किंचाळली तेव्हा आम्ही खाली बघितलं.

पोपट पालथा पडला होता. मान मागून अर्धी सुटली होती. रक्त उड्या मारत बाहेर येत होतं आणि पाय गवतात टाचा घासत होते. त्याच्याशेजारी संतोष गुडघ्यांवर बसला होता, हातात कोयता. छातीपर्यंत रक्तानं माखलेला.

"मी काढला, आये," तो म्हणाला. "मानेत होता. मी फक्त काढला."

त्याचं कुणी ऐकलं नाही. पोपटाच्या गावची माणसं त्याच्यावर तुटून पडली. मांडवाचे बांबू उपसून मारलं. एकानं दगडानं त्याचे पुढचे दात पाडले. मी मध्ये पडले तर मला केसांना धरून ओढ्यात लोटलं. पोलिस आले म्हणून तो जगला.

आरोहीचं लग्न पुढं देवळात गुपचूप लावलं. संतोष अलिबागच्या तुरुंगात गेला. भेटीला गेले की तो जाळीच्या पलीकडून दात नसलेल्या तोंडानं तेच बोलायचा. मी काढला, आये. आमची वकीलीणबाई कर्जतची, तरुण आणि तडफदार. सगळे कागद वाचून ती म्हणाली, "इंदूबाई, वार होताना कुणीच बघितलेलं नाही. सगळे वर बघत होते. खाली बघत होता तो एकटा ड्रोन."

म्हणून मी स्वप्नीलकडं गेले.

त्याची खोली भिसेगावात पहिल्या मजल्यावर. एक दार, आणि जाळी लावलेली एक खिडकी, तीही एसीमुळं कायम बंद. भिंतीवर नवरा-नवरींचे मोठे फोटो. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मावशी, पोलिसांनाबी तेच सांगितलं. शूटिंग मोठ्या हार्ड डिस्कवर टाकलं आणि कार्डं पुसली, दुसऱ्या दिवशी नेरळला लग्न होतं. मग कंप्युटर अडकाय लागला म्हणून विंडोज परत टाकलं. तवापासनं ती डिस्क दिसत नाय."

"चोरीला गेली?"

"नाय वो. आतच हाय." त्यानं कंप्युटरचं झाकण काढून दाखवलं. तळाशी विटेएवढी काळी वस्तू होती. "फिरतेय बी. हात लावून बघा."

मी हात लावला. ती गरम होती आणि आत काहीतरी चालू होतं.

"मग दिसत का नाय?"

"विंडोज परत टाकलं की कदी कदी असं होतं. आधीचं काय त्याला आठवत नाय. ह्या डिस्कला त्यानं नावच दिलं नाय. नाव नाय तर त्याच्या लेखी ती नाय."

"पण ती हाय."

"हाय ना. तीच तर बोंब हाय."

मी त्याच्या पाठी लागले. वाडीतून भिसेगाव लांब नाही. आधी तो लग्नाची घाई सांगायचा, मग पावसाळा लागला आणि कामं थांबली. शेवटी गौरी-गणपती बोळवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "बसा आज. आज काढतोच."

त्यानं वायर बदलली. पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत होती, त्यानं मला वाचून दाखवली. डिस्क सापडली आहे, वापरायची असेल तर नव्यानं मांडावी लागेल, मांडू का, असं विचारत होती.

"हो म्हटलं तर?"

"तर सगळं साफ. तुमचा संतोष बी साफ." त्यानं नाही दाबलं आणि दुसरा एक प्रोग्राम लावला. तो डिस्क कोपऱ्या-कोपऱ्यातून चाळतो आणि पुसलं न गेलेलं वर काढतो, असं त्यानं सांगितलं.

डिस्क आवाज करायला लागली. टक्. जरा थांबून, टक्.

"मरायला टेकलेली डिस्क असा आवाज करते," स्वप्नील म्हणाला. ओल्या लाकडावर कोयता बसतो तो आवाज मी जन्मभर ऐकला आहे. पण आवाजासारखा आवाज असतो, तेवढ्यावरून काही ठरत नाही.

वायर नीट बसवायला त्यानं पुन्हा आत हात घातला आणि बोटं चोळत बाहेर काढला. "ह्ये काय आलं? गोंद?"

पांढरं, चिकट होतं. मी वास घेतला. उंबराचा चीक, ताजा. झाड तोडल्यावर घटकाभरात तो पिवळा पडून वाळतो. हा दुधासारखा होता. स्वप्नीलनं बोटं पँटला पुसली आणि एसी वाढवला.

दुपारी पडद्यावर एक पिवळी पिशवी उमटली. खाली मराठीत नाव होतं. ते मला वाचता आलं. आरोही.

आत शूटिंगची तीन चित्रं होती. पहिल्यात पोपट डहाळा तोडतो, माझं गाणं सुरू होतं, तुटतं, आणि पोपट उडी मारून खाली येतो. स्वप्नील पुढं जाणार होता. मी म्हटलं, "थांब. फांदीकडं बघ."

पोपट खाली उभा राहून पाणी पीत होता. तो ज्या फांदीवर बसला होता ती अजून वाकलेलीच होती.

"वारा असंल," स्वप्नील म्हणाला.

दुसऱ्यात दुसरा डहाळा, पूर्ण गाणं, छायाचं ओवाळणं. तिसरं ड्रोनचं. उंबराचा हिरवा माथा, भोवती आमचं कडं, सगळ्यांची तोंडं वर. मी माझ्याच डोळ्यांत बघत होते. एकटा पोपट वर बघत नव्हता. गवतात टाकलेला पहिला डहाळा उचलायला तो वाकला होता. जमिनीवर पडलेला त्याला बघवला नसेल. संतोष त्याच्यापासून लांब, शेला छातीशी धरून, मान वर.

मग पानं फाकली. खालच्या फांदीवरून एक माणूस एका हातानं लोंबकळला. पिवळा सदरा. दुसऱ्या हातात कोयता. त्यानं वाकलेल्या मानेवर घाव घातला, लाकडावर घालतात तसा, नेमका. कोयता तिथंच सोडून तो वर सरकला. सरकताना क्षणभर त्याचं तोंड ड्रोनकडं झालं.

पोपट होता. खाली पडलेलाही पोपटच होता.

स्वप्नील उठला आणि कोपऱ्यातल्या बादलीत ओकला.

मी दारात जाऊन वकीलीणबाईंना फोन लावला, आत रेंज येत नव्हती. जे दिसलं ते सरळ सांगितलं. ती म्हणाली, "इंदूबाई, दोन पोपट? असलं कोर्टात दाखवलं तर म्हणतील आईनं बनवून आणलं. पण संतोष लांब उभा आहे हे दिसतंय ना? मग मला ते मुळातून पाहिजे. डिस्क काढून, पुन्हा जोडून, पुन्हा एकदा कॉपी करायला सांगा."

मी स्वप्नीलला निरोप दिला.

"परत एकदा," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच शब्दाला दचकला.

"नको रं," मी म्हटलं.

"संतोषला सोडवायचाय ना?"

मला त्याचं ते बोळकं तोंड दिसलं. मी बाजूला झाले.

त्यानं डिस्क काढली, पुन्हा जोडली. मी दारात उभी होते, फोन कानाला, पलीकडं वकीलीणबाई. ती डिस्क आता पहिल्या फटक्यात दिसली.

"मावशी," स्वप्नील म्हणाला, "मी तीनच घेतली होती ना? हितं चार हायत."

मी दारातूनच पडद्याकडं बघितलं. चौथं सुरू झालं होतं. तेच कडं, तीच वर केलेली तोंडं, माझंही. मध्ये उंबर नव्हता. मध्ये एक टेबल होतं, आणि टेबलावर वाकलेला लाल टीशर्टातला एक माणूस. वरून त्याची मान दिसत होती.

"ह्यो कोण हाय?" स्वप्नील डोळे बारीक करून पडद्यापाशी वाकला. त्याचा टीशर्ट लाल होता.

"स्वप्नील, वर बघ."

"थांबा वो, दिसत नाय नीट."

"वर बघ रं!"

टक्.

त्याचं डोकं कीबोर्डावर आपटलं. मानेतून उडालेलं रक्त पडद्यावर गेलं, नवरा-नवरींच्या फोटोंवर गेलं, माझ्या तोंडावर आलं. त्याची बोटं बटणांवर थरथरत होती आणि पडद्यावर एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटत होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. दारात मी होते. खोलीत उंबराचा वास भरला होता.

पोलिसांनी मला ठेवून घेतलं. फोन चालू होता, वकीलीणबाईंनी सगळं ऐकलं होतं, म्हणून मी सुटले. घाव कोयत्याचा, वरून खाली, पोपटासारखाच, असं डॉक्टरांनी लिहिलं. कोयता सापडला नाही. शेवटी कुणीतरी पोपटाच्या खटल्यातला कोयता तपासायला काढला. तो फडक्यात गुंडाळून, लाखेची मोहर लावून पोलिसांच्या कपाटात होता. मोहर जशीच्या तशी होती. फडकं ओलं होतं. आत रक्त आणि पांढरा चीक. डिस्क मात्र पुन्हा कुणालाही दिसली नाही. कुठल्याही कंप्युटरला जोडली तरी तो म्हणतो, काही जोडलेलं नाही.

एवढ्यावर संतोषला जामीन झाला. देवदिवाळीच्या आदल्या दिवशी तो घरी आला. पाठीत वाकला होता आणि तिशीतच म्हातारा दिसत होता. जेवला, निजला. झोपेतही हात मानेवर ठेवून होता.

मी मनाशी ठरवलं होतं. पहिला पोपट उतरलेला नाही. माझं गाणं अर्ध्यावर तुटलं आणि तो तिथंच राहिला. तो वर असेपर्यंत कुणाच्या तरी मानेवर घाव येणार, आणि पुढची मान कुणाची, हे मला कळत होतं. गाणं पुरं केलं पाहिजे. पण गाणं म्हणायला खाली शेला धरणारा लागतो, आणि तो त्या दिवशीचाच लागतो.

देवदिवाळीला भर दुपारी मी संतोषला ओढ्यावर नेलं. छाया विधवा होऊन सदूकडंच राहत होती. ती ओट्यावर बसली होती. आम्ही जाताना तिनं बघितलं.

"आत्या, उतरवणार ना त्यांना?" तिनं विचारलं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

उंबराखाली संतोषनं शेला पसरला.

"वरच बघायचं," मी म्हटलं. "काय बी झालं तरी मान खाली घालायची नाय."

"नाय घालत, आये."

दोन्ही तोडल्या जागांतून अजून चीक गळत होता. महिने उलटले होते.

मी पहिल्या ओळीपासून सुरू केलं. उतर उतर जावईराजा. माझा आवाज मलाच पातळ लागला. दुसरी ओळ, जिथं तुटलं होतं, तिथं पोचले.

फांदी वाकली.

मी थांबले नाही. पानं हलली, वारा नसताना. खोडावरून साल खरडल्याचा आवाज खाली खाली येत गेला. वरून एक डहाळा सुटला आणि संतोषच्या शेल्यात पडला.

मी गाणं पुरं केलं.

कुणीतरी जड माणूस जमिनीवर टेकल्यासारखी माती दबली. फांदी सावकाश वर उठली आणि सरळ झाली. मी माथ्यापर्यंत नीट बघून घेतलं. पान न् पान बघितलं. झाडावर कुणी नव्हतं.

"गेलं?" संतोषनं विचारलं. मान वरच होती.

"गेलं रं बाबा. उंबर रिता झाला."

तो हसला. दात पडल्यापासून पहिल्यांदा. शेला त्यानं खांद्यावर टाकला, डहाळा माझ्या हातात दिला. डोळे भरून आले होते. शुभकार्य झालं की मोठ्यांच्या पाया पडायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

तो माझ्या पायांवर वाकला.

टक्.

त्याचे हात माझ्या पावलांवरच राहिले. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. रक्त माझ्या पायांवरून गरम वाहत होतं. त्या रक्तातून पावलं निघाली. अनवाणी, रुंद, जड माणसाची. माझ्या बाजूनं ती वाडीच्या वाटेला लागली आणि पुढं पुढं कोरडी होत गेली.

माणसं आल्यावर मी त्या पावलांमागून गेले. ती सदूच्या ओट्यापाशी संपत होती. बाहेरून आलेल्याच्या पायावर घालायला ठेवतात तसा तांब्या पायरीवर होता. रिकामा. पायरी ओली होती, आणि आतून छायाचा आवाज येत होता. ती कुणाला तरी जेवायला वाढत होती.

पोपट वैशाखात गेला, आरोहीच्या हळदीच्या दिवशी सकाळी. स्वप्नील त्याच वर्षी भाद्रपदात गेला, गौरी बोळवल्यावर दुसऱ्या दिवशी. माझा मुलगा संतोष देवदिवाळीला दुपारी गेला.